त्रिविक्रमरावांनी लावलेली वजनं

त्रिविक्रमराव बेंगळूरच्या सोवळ्या बसवनगुडीत राहायचे आणि रेसकोर्सवर नोकरीला होते. एवढं एका दमात सांगितलं, की बसवनगुडी ऐकून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आलेलं हसू रेसकोर्स ऐकल्यावर कुठे ठेवावं ते त्याला कळत नसे. माणूस पाहिला तर कपाळाला गंध, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. दारू नाही, पान नाही. घोड्यावर तर त्यांनी जन्मात पैसे लावले नव्हते.

त्यांचं काम घोड्यांची वजनं ठरवण्याचं होतं. म्हणजे घोड्याचं वजन किती हे नव्हे, तर घोड्यावर किती वजन टाकायचं हे. शर्यतीत पळणारे घोडे सारख्या कुवतीचे नसतात. म्हणून जो चांगला पळतो त्याच्या खोगिराच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून त्याला जड करतात आणि जो सुस्त आहे त्याला हलका सोडतात, की सगळ्यांना जिंकायची सारखीच संधी मिळावी. कुणाला किती जड करायचं हे ज्या कचेरीत ठरायचं, तिथे त्रिविक्रमराव तरुणपणी चिकटले आणि मग तिथलेच झाले.

पण लोकांना एवढंच दिसायचं, की हा माणूस रेसकोर्सवर आहे आणि त्याला आतलं ठाऊक आहे. लग्नात पंगतीला शेजारी बसलेला अनोळखी माणूस भात कालवता कालवता हळूच रविवारचं विचारायचा. एकदा त्यांच्या घरी सत्यनारायण होता. संकल्प सांगता सांगता गुरुजी थांबले, त्यांच्या कानाशी वाकले आणि या आठवड्यात कोण येणार म्हणून विचारू लागले. त्रिविक्रमराव हातात पळी धरून बसले होते. त्यांनी सगळ्यांना दिलेलं उत्तर गुरुजींनाही दिलं.

"ते मला सांगता येणार नाही. सांगता आलं, तर माझं काम चुकलं असं होईल."

हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच कुणी विश्वास ठेवला नाही. माणूस पक्का आहे, तोंड उघडत नाही, असं ठरलं. मग लोक त्यांच्या वागण्यातून खुणा काढायला लागले. त्यांनी गांधी बाजारात चार नारळ घेतले आणि त्या रविवारी चार नंबरचा घोडा आला. झालं. पुढच्या शनिवारी ते वांगी घ्यायला उभे राहिले तर मागे माणसं वांगी मोजत उभी. शेवटी हंगाम असेपर्यंत बाजार त्यांच्या बायकोने, कमलाक्कांनी करायचा, असा घरात नियम झाला.

घरातही त्यांना एकतर्फी खेळ बघवत नसे. मुलगी भार्गवी लहान असताना कोपऱ्यापर्यंत माझ्याशी पळा म्हणून हट्ट करायची. मुद्दाम हरणं त्यांना पटत नव्हतं, कारण ते खोटं. जिंकणं पटत नव्हतं, कारण ते अन्यायाचं. म्हणून ते दोन्ही हातांत रॉकेलचे भरलेले डबे घेऊन तिच्यामागे जीव तोडून धावायचे. बसवनगुडीतल्या सकाळच्या शांत रस्त्यावर पुढे फ्रॉकातली पोर आणि मागे रॉकेल हिंदकळवत धावणारा गंध लावलेला गृहस्थ, हे दृश्य तिथल्या जुन्या लोकांना अजून आठवतं. कमलाक्का चौकाबाऱ्यात नेहमी जिंकायच्या. त्यांना ते डाव्या हाताने कवड्या टाकायला लावायचे. त्या डाव्या हातानेही जिंकायच्या, आणि त्रिविक्रमराव दिवसभर अस्वस्थ असायचे.

मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळूरला आलो आणि मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस झालो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. मंडळात निम्मे माझ्यासारखे नवे आणि निम्मे तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. त्यांची मराठी ऐकताना आधी वाटायचं की हे कानडी बोलताहेत, आणि मग एकदम कळायचं की नाही, हे आपल्याला जेवायला बोलावताहेत. या जुन्या लोकांत सगळ्यात वजनदार गृहस्थ म्हणजे नरसिंहराव.

नरसिंहराव विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. कुणाचा विमा उतरवायचा, कुणाला जास्त हप्ता लावायचा आणि कुणाला नम्रपणे नकार द्यायचा, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यामुळे माणूस भेटला की ते नाव विचारायच्या आधी धंदा विचारायचे. शाळामास्तर म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. खाणीत काम करतो म्हटलं की डोळ्यांत दुखवट्याची छाया यायची आणि ते त्या माणसाचा हात जरा जास्त वेळ हातात धरायचे. मी कारखान्यात आहे म्हटल्यावर त्यांनी मला, यंत्रावर का टेबलावर, असं विचारलं. टेबलावर म्हटल्यावर ते हसले, आणि तेव्हापासून आमचं बरं होतं.

त्यांचा मुलगा श्रीहर्ष कॉम्प्युटर कंपनीत होता. भार्गवी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मंडळाच्या कोजागरीला दोघांची ओळख झाली आणि पुढे ती वाढली. दोन्ही घरं एकाच चालीरीतीची, पत्रिका जुळत होती, मुलगी नरसिंहरावांना आवडलीही होती. पण वडील काय करतात म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण जुगाराच्या घराशी संबंध जोडणं म्हणजे डोळसपणे जोखीम घेणं, असं त्यांनी निरोप घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं. निरोप घेऊन गेलेला माणूस मीच होतो.

मी बसवनगुडीला जाऊन हे जमेल तितकं मऊ करून सांगितलं. कमलाक्का कॉफी करायला आत गेल्या. त्रिविक्रमरावांना राग आला नाही, ते विचारात पडले. मग म्हणाले, की नरसिंहराव माणसाचा धंदा बघून तो किती जगेल याची पैज लावायचे. पैज जिंकली तर कंपनीचा फायदा, हरली तर माणूस गेलेला. मी तर फक्त घोडे सारखे करतो. यात जुगारी कोण हे त्यांनी मला खरोखरच, शिकायच्या इच्छेने विचारलं. मी कॉफी प्यायलो आणि निघालो.

ते चौऱ्याण्णव साल होतं. गणपतीत मंडळाच्या क्रीडास्पर्धा असायच्या आणि त्यात पन्नाशीवरच्या पुरुषांची जलद चालण्याची शर्यत असायची. ती दरवर्षी नरसिंहराव जिंकायचे. ते रोज पहाटे सँकी तलावाला फेऱ्या मारत. बाकीच्यांनी हळूहळू नाव देणंच बंद केलं होतं. आदल्या वर्षी ते एकटेच चालले, एकटेच पहिले आले आणि स्टीलचा डबा घेऊन घरी गेले. यंदा काहीतरी करा, असं सगळे माझ्या मागे लागले. मला त्रिविक्रमराव आठवले. उन्हाळी हंगाम संपला होता, हिवाळी लागायचा होता, ते मोकळे होते. मी विचारल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कामाबद्दल कुणीतरी नीट विचारलं होतं.

"माणसं?" ते म्हणाले. "माणसांना आजवर कुणी वजनं लावली नाहीत."

ते रोज बसने मल्लेश्वरमला येऊ लागले. पाच जणांनी नावं दिली होती: नरसिंहराव, यशवंतपूरच्या बाजारातले धान्याचे व्यापारी विठ्ठलराव, निवृत्त बस ड्रायव्हर शिवाप्पा आणि बँकेतले दोन भाऊ. त्रिविक्रमराव यांच्या मागे काही पावलांवरून चालायचे. कुणाचं पाऊल कसं पडतं, कोण चढावर दमतो, कोण इडलीच्या वासाने हळू होतो, सगळं बघायचे. विठ्ठलरावांनी माझ्याकडे तक्रार केली की रेसकोर्सचा एक माणूस माझ्या पाळतीवर आहे. बँकेतल्या धाकट्या भावाला वाटलं, आपल्यावर चौकशी बसली, आणि तो घाबरून इतका भरभर चालू लागला की त्रिविक्रमरावांनी त्याचं वजन वाढवलं. नरसिंहराव मात्र मागे वळूनही बघत नव्हते. पण चालताना छाती थोडी पुढे काढत होते, हे मी स्वतः पाहिलं.

जुन्या चादरींची, कप्पे असलेली पाच जाकिटं कमलाक्कांनी शिवली. कप्प्यांत घालायला लोखंडी वजनं विठ्ठलरावांच्या दुकानातून आणली. त्रिविक्रमरावांनी ती आधी घरी तपासली. विठ्ठलरावांचा किलो हा किलो नव्हता. त्रिविक्रमरावांनी कुणाला न सांगता प्रत्येक वजनाला कमी पडेल तेवढे खिळे दोऱ्याने बांधले आणि कामाला लागले.

शर्यतीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मी जाकिटं वाटायला सुरुवात केली आणि नको ते घडलं. नरसिंहरावांचं जाकीट सगळ्यात जड होतं. मला भीती होती की ते चिडतील. त्यांनी ते हातात तोललं, अंगात घातलं आणि आपल्यानंतर सगळ्यात जड कुणाचं, असं विचारलं. बँकेतल्या धाकट्या भावाचं, असं मी सांगितलं. त्या दोघांत फरक फार थोडा होता.

"स्वल्प आणखी घाला," नरसिंहराव म्हणाले. "हा एवढाच फरक दिसला तर लोक काय म्हणतील?"

ते ऐकून विठ्ठलरावांनी आपलं जाकीट चाचपलं. त्यांना लक्षात आलं की आपल्याला किरकोळ काहीतरी घातलंय. एवढ्या मोठ्या पेढीच्या मालकाला एवढंसं वजन, हा अपमान आहे असं त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनी सर्वांसमक्ष सांगितलं. बँकेतला थोरला भाऊ धाकट्याहून हलका निघाला होता, तो लाल झाला. आणि शिवाप्पांच्या जाकिटात तर काहीच नव्हतं, कारण त्यांचा गुडघा गेलेला होता. जन्मभर गच्च भरलेली बस हाकलेला तो माणूस रिकामं जाकीट घालून मैदानाच्या मध्यभागी उभा राहिला आणि मला काही घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही म्हणाला.

मंडळातली सगळी माणसं त्रिविक्रमरावांभोवती गोळा झाली. वजन वाढवा म्हणून अर्जविनंत्या सुरू झाल्या. एकीने आपल्या नवऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणू का म्हणून विचारलं. त्रिविक्रमराव मान हलवत होते. रेसकोर्सवर मालक येऊन आपल्या घोड्याचं वजन कमी करा म्हणून रडतात. वाढवा म्हणून कुणी रडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. शेवटी ते प्रसादाच्या मांडवात गेले आणि चुरमुऱ्यांचं पोतं घेऊन आले. प्रत्येकाच्या मोकळ्या कप्प्यांत त्यांनी चुरमुरे ठासून भरले. जाकिटं फुगली. शिवाप्पांचं सगळ्यात जास्त फुगलं आणि त्यांचं समाधान झालं. तोलाच्या हिशेबात याने काही बिघडत नाही ना, असं मी हळूच विचारलं. नाही म्हणाले, फक्त हे काम आपल्या खात्यात बसत नाही, एवढीच खंत त्यांच्या चेहऱ्यावर होती.

तेवढ्यात मांडवामागे पैजा सुरू झाल्या होत्या. पैसे नकोत, ते वाईट दिसतं, म्हणून मोदकांवर. आमचे गुरुजी पैजा घेत होते. बायका, बँकवाले, कानडी शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे आपापले मोदक कुणावर ना कुणावर लावून बसले. जुगाराच्या घराबद्दल मला ऐकवणारे लोक गुरुजींसमोर द्रोण घेऊन रांगेत उभे होते. एकटे त्रिविक्रमराव रांगेत नव्हते.

शिट्टी वाजली. पाचही जण निघाले. नरसिंहराव पहिल्या पावलापासून पुढे गेले, पण वळणावर लोखंडाने त्यांना मागे ओढलं. धाकटा भाऊ त्यांच्या बरोबर आला. विठ्ठलराव पोट पुढे टाकून, श्वास रेल्वे इंजिनासारखा टाकत येत होते. थोरल्याने भावाकडे बघून दात आवळले. शिवाप्पा एक पाय ओढत, उसवलेल्या कप्प्यातून चुरमुरे सांडत, एका लयीत चालत होते आणि त्यांच्यामागे कावळे उतरत होते. शेवटच्या टप्प्यात पाचही माणसं जवळ जवळ आली. दोन टोकांना दोन माणसांनी धरलेल्या दोरीला पाच छात्या एकदम लागल्या. मी दोरीच्या रेषेत उभा होतो. कुणीही पुढे नव्हतं, कुणीही मागे नव्हतं.

मैदानावर कावळे तेवढे चुरमुरे टिपत होते. त्रिविक्रमरावांनी डोळे मिटले होते. उभ्या जन्मात त्यांनी लावलेली वजनं इतकी बरोबर कधी लागली नव्हती. घोड्यांना पाय असतात, मूड असतो, पाऊस असतो. नेहमी कुणीतरी नाकभर पुढे असायचंच.

मग कुणीतरी म्हणालं की हे ठरवलेलं होतं.

ते वाक्य मैदानभर पसरायला वेळ लागला नाही. एवढी सारखी शर्यत आपोआप होईल कशी, रेसकोर्सचा माणूस आणल्यावर दुसरं काय होणार, असं लोक बोलू लागले. गुरुजी सगळे मोदक आपल्याकडेच ठेवायचे म्हणत होते, कारण कुणीच जिंकलं नव्हतं. लोक परत मागत होते. विठ्ठलराव धापा टाकत पुढे आले आणि मला म्हणाले, की या माणसाने मापात काहीतरी केलंय, मी मापांतला माणूस आहे, मला कळतं. त्रिविक्रमरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. विठ्ठलरावांचा हात आपल्या कप्प्यातल्या लोखंडाकडे गेला, दोऱ्याने बांधलेल्या खिळ्यांना लागला आणि ते पुढचं बोलायचे थांबले. कुणाला काही कळलं नाही.

नरसिंहराव गवतावर आडवे पडले होते. श्रीहर्ष त्यांना पाणी पाजत होता. ते त्याच्या खांद्याला धरून उठले, अजून जाकीट अंगातच होतं, आणि गर्दीत आले.

"मी जीव तोडून चाललो," ते म्हणाले. "ठरवलेलं असतं, तर मी हरायला कबूल झालो असतो असं वाटतं का तुम्हांला?"

नरसिंहराव कशालाही कबूल होत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. गर्दी हळूहळू मोदकांच्या भांडणाकडे सरकली. स्टीलच्या डब्याचं काय करायचं हा प्रश्न होता. त्याचे पाच भाग करता येईनात. कुणाला डबा, कुणाला झाकण, अशी वाटणी सुचवून झाली. शेवटी डबा शिवाप्पांना दिला आणि बाकीच्यांनी आपापलं जाकीट ठेवून घेतलं.

दोन दिवसांनी नरसिंहराव रिक्षा करून बसवनगुडीला गेले. बरोबर मला घेतलं. मला वाटलं, मुलीचं बोलणं काढतील. त्यांनी कॉफी घेतली आणि थेट विचारलं, की माझं वजन कशावरून ठरवलं. त्रिविक्रमराव सांगू लागले. वय, पावलाची लांबी, चढावरचा दम, मागच्या शर्यती. नरसिंहराव पुढे सरकले. तुम्ही माझा धंदा लक्षात घेतला होता का, असं त्यांनी विचारलं. नाही, त्रिविक्रमराव म्हणाले. रिटायर माणसाला कसला धंदा, मी पाय बघितले. मग नरसिंहरावांनी आपलं काढलं: आम्ही कसं करतो, फटाक्यांच्या कारखान्यातल्याला किती, विहिरी खणणाऱ्याला किती. त्रिविक्रमरावांनी विचारलं, की तो माणूस स्वतः कसा आहे हे बघत नाही का. नरसिंहराव म्हणाले, एवढ्या लाखो माणसांचे पाय कोण बघत बसणार. हे त्रिविक्रमरावांना पटलं. त्यांच्याकडे घोडे थोडे होते.

दुपारी आलेले आम्ही संध्याकाळी तिथेच होतो. घोडा आणि पॉलिसीधारक यांत फरक काय, यावर दोघे बोलत होते. घोडा शर्यतीनंतरही जिवंत असतो, एवढा एक फरक सापडला. कमलाक्कांनी दिवा लावला आणि मला विचारलं, की हे लग्नाचं बोलणं चाललंय का. मी म्हटलं, मलाही नक्की कळत नाही. तेव्हा त्या बाहेर आल्या आणि नरसिंहरावांच्या पुढ्यात उभं राहून विचारलं.

"मुलगी पसंत आहे का नाही, तेवढं सांगा. स्वयंपाक किती जणांचा करायचा ते मला कळेल."

"सरी," नरसिंहराव कानडीत बरं म्हणाले. "लग्नाचं काय, ते तर आहेच." आणि पुन्हा त्रिविक्रमरावांकडे वळले.

फाल्गुनात लग्न झालं. विठ्ठलरावांनी तांदूळ पाठवले. कमलाक्कांनी घरी तोलून बघितले, तर थोडे जास्तच भरले. पुढच्या वर्षी मंडळाने चालण्याची शर्यत बंद करून रांगोळीची स्पर्धा ठेवली. तिचा निकाल लावायला त्रिविक्रमरावांना बोलावलं नाही. लोक अजूनही म्हणायचे की माणूस चांगला आहे, पण काही झालं तरी रेसकोर्सचा.

लग्नाच्या दुपारी सुपारीचा खेळ होता. नवरा मुठीत सुपारी धरतो, नवरीने ती सोडवायची. मग नवरीच्या मुठीतली नवऱ्याने. नवरीला दोन्ही हात वापरता येतात, नवऱ्याला मात्र एकच. ही रीत त्रिविक्रमरावांनी शेकडो लग्नांत पाहिली असेल, पण त्या दिवशी एकदम त्यांच्या ध्यानात आली. ते उठून उभे राहिले. म्हणाले, हे कुणी ठरवलं? म्हणजे आपल्याकडे आधीपासून होतं हे. नरसिंहरावही उठले. दोघे वधूवरांच्या डोक्यावर वाकून, मुलाचे पंजे केवढे आणि मुलीचे केवढे, याचा अंदाज घेऊ लागले. भार्गवीने श्रीहर्षची मूठ एका झटक्यात उघडली. श्रीहर्ष तिच्या मुठीशी बराच वेळ झटत राहिला. त्याला घाम आला आणि सुपारी काही निघाली नाही.

त्रिविक्रमराव अस्वस्थ झाले. तिला दोन हात जरा जास्त होतात, दुसऱ्या हाताची निदान दोन बोटं बांधायला हवी होती, असं त्यांनी नरसिंहरावांना हळू आवाजात सांगितलं. नरसिंहरावांनी मान डोलावली. मग दोघांनी गुरुजींना खेळ पुन्हा लावायला सांगितलं.

"काही नको," कमलाक्का म्हणाल्या. "ते जसं आहे तसंच बरोबर आहे. पानं मांडलीत, जेवायला चला."